धाप आणि ताप : जुनाट श्वसनविकार असलेल्यांमधला फ्लू

फ्लूने माणूस दगावतो तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर फ्लूचे नाव क्वचितच असते. तिथे न्यूमोनिया असतो, श्वसनसंस्था निकामी झाल्याची नोंद असते, नाहीतर हृदयविकाराचा झटका असतो. वर्षानुवर्षांचा दमेकरी असेल तर घरचेही ‘पावसाळ्यात दमा बळावला आणि गेले’ एवढेच सांगतात. विषाणूने दिलेला पहिला धक्का तोवर आठ-पंधरा दिवस मागे पडलेला असतो आणि नाका-घशाच्या नमुन्यातही बहुधा त्याचा माग उरलेला नसतो. जुनाट फुफ्फुसविकार असलेल्यांना फ्लू किती आणि कसा महागात पडतो, हा प्रश्न इतकी वर्षे चर्चेत राहण्याचे पहिले कारण हे मोजमापाचेच आहे.

लंडनमध्ये १८४७ साली फ्लूची साथ आली तेव्हा विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने यावर एक तोड काढली. फ्लूच्या नावावर किती मृत्यू पडले, तेवढेच पाहून तो थांबला नाही. साथीच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा एकूण किती माणसे जास्त गेली, हे त्याने मोजले. ब्रॉन्कायटिस, न्यूमोनिया आणि दमा या नावांखालचे मृत्यू तेव्हा एकदम वाढलेले दिसले. आजही फ्लूच्या बळींचे अंदाज मुख्यतः याच रीतीने बांधले जातात.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १८९२ साली रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात एक जिवाणू पाहिला आणि तोच फ्लूचे कारण आहे असे जाहीर केले. जून १९१८मध्ये साथ मुंबईत उतरली, सप्टेंबरात तिची दुसरी आणि फार भीषण लाट आली. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेल्याचे अंदाज आहेत. खरा विषाणू मात्र १९३३ साली लंडनमध्ये हाती लागला. फायफर यांचा जिवाणू फ्लूचे कारण ठरला नाही, पण फ्लूच्या मागोमाग छातीत शिरणाऱ्यांपैकी तो एक निघाला. १९१८च्या साथीतल्या शवविच्छेदनांचे जतन केलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा बहुतेक मृत्यूंत जिवाणूंचा न्यूमोनिया दिसून आला.

१९५७च्या साथीनंतर, १९६० साली, अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वृद्ध, गर्भवती आणि जुनाट आजार असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी अशी शिफारस केली. या तारखेला महत्त्व आहे. फुफ्फुसाच्या रुग्णांवर लसीच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या व्हायच्या आधीच ही शिफारस झाली. एकदा शिफारस झाल्यावर निम्म्या रुग्णांना खोटी लस टोचून तुलना करणे नैतिकदृष्ट्या अवघड होत गेले. आजच्या वादाची मुळे बरीचशी इथे आहेत.

छातीत नेमके काय घडते

श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. कफ आणि धूळ ते सतत वर घशाकडे ढकलत असतात. फ्लूचा विषाणू याच पेशींत शिरतो आणि काही दिवसांत अस्तराचे पापुद्रे सुटू लागतात. धडधाकट माणसात ते दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून येते. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट विकाराच्या, रुग्णात हे अस्तर आधीच विरळ झालेले असते, नळ्या अरुंद असतात, कफ साचलेला असतो आणि अनेकांच्या कफात जिवाणूंनी कायमचे ठाण मांडलेले असते. श्वासाची शिल्लकही थोडी असते. तरुण माणूस जी सूज खोकून पार करतो, तेवढ्याच सुजेने इथे ऑक्सिजन उतरतो.

गुंतागुंतीच्या वाटा अनेक. सर्वांत नेहमीची म्हणजे मूळ आजार उसळणे : धाप वाढते, कफ वाढतो, त्याचा रंग बदलतो, पंपाने आराम पडेनासा होतो. दुसरी न्यूमोनियाची. कधी विषाणू स्वतःच फुफ्फुसात खोल उतरतो. कधी ताप उतरून बरे वाटू लागते आणि मग चार-सहा दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप भरतो. ही दुसरी चढण बहुधा न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस जिवाणूची असते. तिसरी वाट हृदयाकडे जाते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. सीओपीडीच्या अनेक रुग्णांचे हृदयही आधीच थकलेले असते, त्यामुळे छातीच्या डॉक्टरांना हा निष्कर्ष फार जवळचा वाटला. अतिदक्षता विभागात बुरशीचीही भर पडते : बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये फ्लूसाठी तिथे दाखल झालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांत अॅस्परजिलस बुरशीचा फुफ्फुससंसर्ग सापडला आणि आधी घेतलेली स्टेरॉइड्स हा त्यातला एक धोक्याचा घटक निघाला.

लक्षणांवरून फ्लू ओळखणे मात्र कठीण. वयस्कर रुग्णात ताप येतोच असे नाही. सीओपीडीच्या उसळीमागे ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, कोरोना असे अनेक विषाणू असतात आणि फ्लूचा वाटा ऋतूनुसार, गावानुसार बदलतो. झटपट निकाल देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चाचण्या फ्लू असलेल्यांपैकी साधारण ५० ते ७० टक्केच पकडतात. पीसीआर विश्वासार्ह आहे, पण तालुक्याच्या गावी त्याचा निकाल येईपर्यंत औषधाची वेळ निघून गेलेली असते.

कोणाला किती धोका

सीओपीडीबद्दल फारसा मतभेद नाही. कॅनडातल्या रुग्णालयांच्या जाळ्याने दाखल झालेल्या साडेचार हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांची माहिती २०१९ साली मांडली. ज्यांना फ्लू होता त्यांच्यात मृत्यूही जास्त होते आणि अतिदक्षतेची गरजही.

दम्याचे चित्र गुंतागुंतीचे आहे. २००९च्या एच१एन१ साथीत रुग्णालयात आलेल्यांचे सहव्याधींनुसार गट पाडले तेव्हा दमा अनेक देशांत सर्वांत वर होता. ब्रिटनमध्ये दाखल झालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा दमेकरी होते. पण एकदा दाखल झाल्यावर त्यांचे हाल इतरांपेक्षा कमी झाले. मृत्यू किंवा अतिदक्षतेची शक्यता साधारण निम्मी भरली. काहींच्या मते दम्यातली विशिष्ट प्रकारची सूजच संरक्षण देते. ब्रिटिश संशोधकांनी हिशेब केला तेव्हा बराचसा फरक दोन साध्या गोष्टींनी उलगडला : दमेकरी लवकर रुग्णालयात पोचले होते आणि त्यांतले अनेक जण आधीपासून श्वासातून घेण्याचे स्टेरॉइड वापरत होते. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, पण ‘दम्याला फ्लूचा धोका कमी’ असा अर्थ त्यातून अजिबात निघत नाही. लवकर न पोचणाऱ्या आणि पंप न वापरणाऱ्या दमेकऱ्याला ते संरक्षण लागू होत नाही, आणि आपल्याकडे पंपाची सवय लागेल या भीतीने गोळ्यांवर दिवस काढणारे पुष्कळ आहेत.

श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा विकार, फुफ्फुसांचे तंतुमयीकरण आणि क्षयरोग बरा झाल्यावर उरणारी जखमी फुफ्फुसे, या गटांवरचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. शिफारशींत त्यांची नावे असतात, पण ती मुख्यतः सीओपीडीवरून अंदाज बांधून घातलेली.

आपल्या दृष्टीने हीच उणीव सर्वांत मोठी आहे. जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते. यांतल्या असंख्य सीओपीडी रुग्णांनी आयुष्यात विडी-सिगारेट ओढलेली नाही. चुलीचा धूर आणि बालपणी वारंवार झालेले छातीचे संसर्ग यांमुळेही सीओपीडी होते, हे जगापुढे मांडण्यात पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये तेव्हा असलेले डॉ. संदीप साळवी यांचा मोठा वाटा आहे. फ्लू आणि लसीवरचे बहुतेक अभ्यास मात्र थंड देशांतल्या, धूम्रपान करणाऱ्या वृद्धांवर झालेले. चुलीपुढे चाळीस वर्षे काढलेल्या बाईच्या फुफ्फुसात फ्लू तसाच वागतो का, याचे उत्तर त्या आकड्यांत शोधावे लागते.

लस : सर्वमान्य शिफारस, अपुऱ्या चाचण्या

लसीच्या बाजूचा सर्वांत स्पष्ट प्रयोग बँकॉकमध्ये झाला. सीओपीडीच्या १२५ रुग्णांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना निरुपद्रवी इंजेक्शन दिले. वर्षभरात फ्लूमुळे होणारे श्वसनविकार लस न मिळालेल्या गटात दर १०० रुग्ण-वर्षांमागे २८.१, तर लस मिळालेल्यांत ६.८ होते, म्हणजे सुमारे ७६ टक्के संरक्षण. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास उष्ण कटिबंधातला आहे, म्हणून आपल्यासाठी त्याचे मोल जास्त.

पण १२५ ही लहान संख्या आहे. कॉक्रेन समूहाने २०१८च्या आढाव्यात जगभरच्या चाचण्या गोळा केल्या तेव्हा खास सीओपीडीच्या रुग्णांवरच्या फक्त ६ मिळाल्या. आजार उसळण्याचे प्रमाण लसीने कमी होते, हा निष्कर्ष त्यांतल्या दोन चाचण्यांवर आणि १८० माणसांवर उभा आहे. हा फायदा लस टोचल्यापासून तीन-चार आठवड्यांनंतर दिसला. रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू यांवरचा परिणाम सिद्ध करण्याएवढी माणसे या चाचण्यांत नव्हतीच.

मोठे आकडे येतात ते निरीक्षणात्मक अभ्यासांतून. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट फुफ्फुसविकार असलेल्या वृद्धांपैकी लस घेतलेल्यांत न्यूमोनिया-फ्लूसाठी दाखल होण्याचे प्रमाण निम्म्याने आणि मृत्यूचे ७० टक्क्यांनी कमी दिसले. टीकाकारांनी विचारले की हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंत फ्लूचा वाटाच मर्यादित असताना लस ७० टक्के मृत्यू कशी टाळेल? २००६ साली सिअॅटलच्या लिसा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की लस घेतलेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण फ्लूचा मोसम सुरू होण्याआधीही कमीच होते. जे हिंडतेफिरते असतात, औषधे वेळेवर घेतात, तेच लसीलाही जातात; त्यामुळे लसीच्या खात्यावर त्यांच्या मुळातल्या बऱ्या प्रकृतीचे श्रेयही जमा होते. अलीकडच्या अभ्यासांत हा दोष टाळण्यासाठी, श्वसनविकाराने दाखल झालेल्या सगळ्यांचीच फ्लूची तपासणी करून लस घेतलेले आणि न घेतलेले ताडून पाहतात. वर उल्लेखिलेल्या, कॅनडातल्या रुग्णालयांच्या जाळ्याच्या अभ्यासात या पद्धतीने सीओपीडी रुग्णांचे फ्लूने दाखल होणे लसीमुळे ३८ टक्क्यांनी कमी होते असे निघाले. ७० टक्के मृत्यूंचे आणि ३८ टक्के दाखल होण्याचे, तरीही यांतला दुसरा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि रुग्णांची संख्या पाहता तोही लहान नाही.

दम्यात आधी वाद वेगळाच होता : लसीनेच दमा उसळतो का? अमेरिकन लंग असोसिएशनच्या पुढाकाराने झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन हजारांवर दमेकऱ्यांना एकदा लस आणि एकदा खोटे इंजेक्शन दिले. पुढच्या दोन आठवड्यांत दमा उसळण्याचे प्रमाण एकदा २८.८ आणि एकदा २७.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. सुरक्षिततेचा प्रश्न निष्क्रिय लसीपुरता मिटला. नाकात फवारण्याच्या जिवंत लसीबाबत मात्र, विशेषतः छातीत घरघर होणाऱ्या लहान मुलांत, सावधगिरीचा सल्ला कायम आहे. उपयुक्ततेवर मात्र एकमत नाही. नेदरलँड्समध्ये ६९६ दमेकरी मुलांवरच्या चाचणीत लसीमुळे फ्लूजन्य दम्याचे झटके कमी झाले नाहीत. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दमेकऱ्यांत निश्चित फ्लूविरुद्ध सुमारे ४५ टक्के संरक्षण दिसले. कोणत्या वर्षी कोणता विषाणू फिरतो आणि लशीत कोणता आहे, यावर हे आकडे खालीवर होतात.

आपला मोसम कोणता

या विषयात महाराष्ट्रापुरते सर्वांत ठोस काही सांगता येत असेल तर ते लशीच्या वेळेबद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने देशातल्या अनेक केंद्रांसह वर्षानुवर्षे नमुने तपासले. पुणे-मुंबईसह देशाच्या बहुतेक भागांत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर अशी येते. काही वर्षी थंडीत लहान लाटही असते. श्रीनगरमध्ये उलट, जानेवारी ते मार्च. भूगोलाने आपण उत्तर गोलार्धात असलो तरी फ्लूच्या दृष्टीने महाराष्ट्राचे वेळापत्रक दक्षिण गोलार्धाच्या जवळ जाते.

लशीतले विषाणू जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते : उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. लस टोचल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे लागतात आणि पुढे ते महिन्यागणिक ओसरत जाते. अमेरिकेतला सल्ला वाचून ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या जुलैत नऊ महिन्यांची झालेली असते. म्हणून इथे एप्रिल-मे ही योग्य वेळ, यावर तज्ज्ञांत मोठी सहमती आहे. सल्ल्यापासून दवाखान्यापर्यंत ती पुरती पोचलेली नाही. मुलांकडे अमेरिकेला हिवाळा काढायला जाणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांच्या वाट्याला एकाच वर्षात दोन मोसम येतात, आणि त्यांनी दोनदा लस घ्यावी का यावर पक्का पुरावा नाही.

लशीच्या घडणीतही बदल झाले आहेत. बी-यामागाता हा विषाणूवंश मार्च २०२०नंतर निश्चितपणे आढळलेला नाही, त्यामुळे २०२३पासून जागतिक आरोग्य संघटनेने चारऐवजी तीन घटकांची लस पुरेशी मानली. वृद्धांसाठीच्या जास्त मात्रेच्या लशीवरची आशाही थोडी आवरावी लागली : डेन्मार्कमध्ये तीन लाखांहून अधिक वृद्धांवर झालेल्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लू किंवा न्यूमोनियाने दाखल होण्यात नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत ठळक फरक पडला नाही.

औषधांचा वाद

ऑसेल्टामिविर हे औषध २००९ साली पुण्यात घरोघरी माहीत झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशातला एच१एन१ साथीचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तपासणीसाठी रांगा लागल्या. औषध किती उपयोगी, यावर पुढे मोठी खडाजंगी झाली. कंपनीकडचे मूळ अहवाल मिळवून कॉक्रेनच्या गटाने २०१४ साली मांडले की प्रौढांत लक्षणे सरासरी १६.८ तासांनी लवकर शमतात, दाखल होणे कमी झाल्याचे मात्र दिसत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने फ्लू निश्चित झालेल्यांपुरता हिशेब केला आणि प्रतिजैविके द्यावी लागतील असे छातीचे संसर्ग कमी होतात असे म्हटले. रुग्णालयात दाखल झालेल्या २९ हजारांवर रुग्णांच्या एकत्रित निरीक्षणात हे औषध मिळालेल्यांत मृत्यू १९ टक्के कमी होते आणि पहिल्या दोन दिवसांत मिळाले तर फायदा आणखी मोठा. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या रुग्णांपुरते खरे असू शकते : कॉक्रेनने पाहिलेल्या चाचण्यांत बहुतांश धडधाकट माणसे होती, रुग्णालयांतल्या निरीक्षणात खाटेवर पडलेली. दवाखान्यात चालत येणारा पण फुफ्फुसे अर्धी गमावलेला माणूस या दोन्हींच्या मधोमध अडकतो.

शिफारशींतही हीच फारकत दिसते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत फुफ्फुसविकार असलेल्या फ्लूसदृश रुग्णाला ‘बी’ गटात धरून चाचणीची वाट न पाहता ऑसेल्टामिविर द्यायला सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या सूचना गंभीर फ्लूसाठी ऑसेल्टामिविर आणि जोखमीच्या पण सौम्य आजारासाठी बॅलॉक्सॅविर हे दुसरे विषाणूविरोधी औषध सुचवतात, दोन्ही सशर्त. श्वासातून ओढायचे झानामिविर दमा-सीओपीडीत टाळावे, कारण त्या भुकटीने श्वासनळ्या आवळू शकतात, याबद्दल वाद नाही.

खरा पेच स्टेरॉइडचा आहे. सीओपीडी उसळला की पाच दिवस प्रेडनिसोलोन हा आजचा प्रस्थापित उपचार. दम्याच्या झटक्यात तर ते जीव वाचवते. दुसरीकडे गंभीर फ्लूमध्ये स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त, असे निरीक्षणे सांगतात, आणि २०२४च्या जागतिक सूचना ते देऊ नये असे सुचवतात. एकाच छातीत फ्लू आणि आवळलेल्या श्वासनळ्या असतील तर काय करायचे? बहुतेक डॉक्टर श्वासनळ्यांसाठी कमी दिवसांचा कोर्स देतात, सोबत विषाणूविरोधी औषध सुरू ठेवतात. हे सयुक्तिक आहे, पण त्यामागे थेट चाचणी नाही. निरीक्षणांवरचा आक्षेपही रास्त आहे : जो जास्त आजारी त्यालाच स्टेरॉइड मिळते. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा प्रश्न ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने २०२० साली काही महिन्यांत सोडवला. फ्लूसाठीही त्याच व्यवस्थेत स्टेरॉइड तपासायला घेतले गेले. सीओपीडीत रोज घ्यायच्या स्टेरॉइड पंपाची गोष्ट वेगळी. त्याने न्यूमोनियाचे प्रमाण वाढते हे २००७च्या टॉर्च चाचणीत दिसले, पण झटकेही कमी होतात. त्यामुळे फ्लूच्या भीतीने रुग्णाने तो स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

काय सुटलेले नाही

फ्लूची लस भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगीत ती दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते आणि दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्राने २०१५ साली गर्भवती स्त्रियांसह काही जोखमीच्या गटांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, हे देशात उठून दिसणारे पाऊल होते. सीओपीडीच्या रुग्णांसाठी ते वाढवावे का, यावर दोन प्रामाणिक मते आहेत. एक म्हणते, ३०-४० टक्के संरक्षण जरी धरले तरी रुग्णसंख्या एवढी मोठी की दाखल होणारे हजारो जण वाचतील. दुसरे म्हणते, तोच पैसा आधी निदानावर आणि पंपांवर लावावा, कारण आपल्याला सीओपीडी आहे हेच बहुतेक रुग्णांना माहीत नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, झाल्याशिवाय लस कोणाला द्यायची हेच ठरणार नाही.

हा वाद इथल्या आकड्यांशिवाय मिटणार नाही. श्रीनगरच्या संशोधकांनी सीओपीडीच्या उसळीत फ्लूचा वाटा शोधला, पण तिथला मोसम आणि हवा निराळी. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात पावसाळ्यात धाप लागून दाखल होणाऱ्यांपैकी किती जणांना फ्लू असतो, किती जणांचा जुना क्षय असतो, किती जणी चुलीच्या धुराने आजारी झालेल्या असतात, हे एकत्र मोजले पाहिजे. लस मुळात कार्यक्रमातच नसल्यामुळे आपल्याकडे एक वाट मोकळी आहे, जी अमेरिका-युरोपात राहिलेली नाही. काही जिल्ह्यांत यंदाच्या मे महिन्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत पुढच्या मे महिन्यात, चिठ्ठी टाकून क्रम ठरवून, जिल्हा रुग्णालयाच्या छातीच्या विभागात नोंद असलेल्या रुग्णांना लस द्यायची आणि दोन्हीकडे जुलै ते सप्टेंबर दाखल होणाऱ्यांची पीसीआर तपासणी करायची. खोटे इंजेक्शन कोणालाच द्यावे लागणार नाही, आणि बँकॉकच्या १२५ रुग्णांनंतर उष्ण कटिबंधातला पहिला मोठा आकडा मिळू शकेल.